खाऱ्या वाऱ्यातले लोखंड : पारंपरिक लोहारकामाची चर्चा कुठवर आली?

प्रश्न काय आहे

अलिबाग तालुक्यातल्या किहीमला लोखंडाची दोन जगे शेजारी नांदतात. एकीकडे नारळी-पोफळीच्या वाड्या. तिथे कोयता, विळा, पहार, कुदळ यांच्यावाचून दिवस जात नाही आणि ही अवजारे अधूनमधून लोहाराकडून शेवटून आणावी लागतात. दुसरीकडे मुंबईकरांचे बंगले. त्यांना वेलबुट्टीची फाटके, गॅलरीचे कठडे, जिन्याचे दांडे हवे असतात. पहिले काम करणारा ‘लोहार’ ठरतो, दुसरे करणारा ‘फॅब्रिकेटर’, आणि तिसराच कोणी प्रदर्शनात मांडतो तेव्हा तो ‘धातुकलावंत’ होतो. धातू मात्र बहुतेक वेळा तोच असतो.

गेल्या काही दशकांत पारंपरिक लोहारकाम आणि शोभेचे धातुकाम यांवर पुरातत्त्ववाले, धातुशास्त्रज्ञ, वास्तूंचे जतन करणारे, हस्तकला संस्था आणि समाजशास्त्रज्ञ अशा बऱ्याच मंडळींनी लिहिले आहे. सगळे ‘परंपरा टिकवा’ म्हणतात, पण टिकवायचे काय यावर एकमत नाही. कोणी धातूविषयी बोलतो, कोणी हाताच्या कसबाविषयी, कोणी नक्षीविषयी, तर कोणी भट्टीपुढे बसणाऱ्या माणसाविषयी. या चार भूमिका एकेक करून पाहू.

लोखंड आले कुठून

महाराष्ट्रात लोखंड वितळवण्याचा पक्का पुरावा विदर्भात आहे. नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंड येथे १९७८ ते १९८० या काळात शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी उत्खनन केले. तिथे महापाषाणयुगीन वस्तीत मातीच्या विटांची छोटी भट्टी मिळाली. तिचा काळ साधारण इ.स.पू. सातवे शतक. याच संस्कृतीच्या माहुरझरीच्या दफनांत घोड्यांच्या मुखावर चढवायचे तांब्याचे अलंकार सापडले. म्हणजे उपयोगाचे लोखंड आणि शोभेचे तांबे अगदी आरंभापासून एकाच समाजाच्या हातात दिसते.

लोखंड भारतात बाहेरून आले की इथेच घडले, हा वाद जुना आहे. पूर्वी पश्चिमेकडून आलेल्या लोकांना त्याचे श्रेय दिले जाई. दिलीपकुमार चक्रवर्ती यांनी १९७६मध्ये ‘अँटिक्विटी’त त्याला आव्हान दिले. २००३मध्ये राकेश तिवारी यांनी मध्य गंगेच्या खोऱ्यातले पुरावे मांडून आरंभ इ.स.पू. १८००च्या आसपास नेला. जानेवारी २०२५मध्ये तमिळनाडू सरकारने शिवगळै इथल्या नमुन्यांच्या आधारे तो इ.स.पू. चौथ्या सहस्रकाच्या उत्तरार्धात नेऊन ठेवला. हा शेवटचा दावा मान्य करण्याआधी आणखी स्थळांवरून दुजोरा मिळायला हवा, अशी सावध भूमिका अनेक अभ्यासक घेतात आणि ती रास्त आहे. कोकणच्या लोहाराला या वादाने फारसा फरक पडत नाही, म्हणून तो इथेच सोडतो.

कोकणाला अधिक जवळचा इतिहास सह्याद्रीच्या जांभ्याचा आहे. महाबळेश्वरच्या बाजूला धावड नावाची मुसलमान जमात जांभ्यातले लोहखनिज कोळशावर वितळवून लोखंड काढत असे. एकोणिसाव्या शतकात जंगलावर निर्बंध आले, सरपण महागले, विलायती लोखंड स्वस्त झाले आणि धावडांच्या भट्ट्या विझल्या. साताऱ्याच्या गॅझेटियरमध्ये याची नोंद आहे. इथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे : खनिजापासून लोखंड काढणारा वेगळा आणि त्याचे अवजार घडवणारा वेगळा. पहिला दीडशे वर्षांपूर्वीच गेला. आज आपण ज्याला पारंपरिक लोहार म्हणतो, तो तेव्हापासून विकतच्या लोखंडावर काम करतो आहे.

किनाऱ्याला तर विकतच्या धातूची सवय फार आधीपासून होती. बाराव्या शतकात मंगळूरला राहून पितळ-काशाच्या वस्तूंचा कारखाना चालवणाऱ्या अब्राहम बेन यिजू या ज्यू व्यापाऱ्याची पत्रे कैरोच्या गेनिझा संग्रहात मिळाली. त्यांत भारतीय लोखंड एडनला जात असल्याचे आणि तिकडून जुनी भांडी घडणावळीला इकडे येत असल्याचे उल्लेख आहेत. १७९४मध्ये मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी ‘वुट्झ’ पोलादाचा नमुना लंडनच्या रॉयल सोसायटीकडे धाडला. पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअरसन यांनी त्यावर निबंध वाचला आणि युरोपात भारतीय पोलादाचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला. मग प्रवाह उलटा फिरला. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चाकांच्या गाड्यांवरच्या दोन तोफा आहेत. त्यांवर यॉर्कशायरच्या लो मूर लोहकारखान्याचे नाव आणि १८४९ हे साल आहे. आज याच जिल्ह्यात पेण तालुक्यातल्या डोलवीला वर्षाला एक कोटी टन क्षमतेचा पोलाद कारखाना उभा आहे, आणि गावचा लोहार मात्र ट्रकचा तुटका पाटा भंगारवाल्याकडून आणतो.

भट्टीपुढचे ज्ञान

लोहार ट्रकचा तुटका पाटा नाइलाजाने आणतो असे समजण्याचे कारण नाही. ट्रकच्या पाट्याच्या पोलादात कार्बन साधारण ०.६ टक्के असतो, त्यामुळे ते पाणी धरते आणि धार टिकवते. बांधकामाच्या साध्या सळीत कार्बन कमी, म्हणून तिला पाणी देऊन फारसा उपयोग नाही. बिडात तो तीन-चार टक्क्यांपर्यंत जातो. बीड साच्यात छान ओतता येते, पण घणाखाली तडकते. लोहाराला ही टक्केवारी तोंडपाठ नसेल, पण सहाणेवर उडणाऱ्या ठिणग्यांवरून आणि घणाखाली धातू कसा वागतो यावरून तो माल बरोबर ओळखतो.

कोयता घडवण्यातले खरे कसब शेवटच्या दोन-चार मिनिटांत असते. भात्याच्या वाऱ्यावर पाते केशरी-लाल तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवतात. त्याने पोलाद काचेसारखे कडक आणि तितकेच ठिसूळ होते. मग ते बेताने पुन्हा गरम करून उतरवायचे. घासून उजळलेल्या पात्यावर रंग सरकत जातो : आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. पिवळा रंग साधारण २२० ते २३० अंश सेल्सिअसला दिसतो, निळा ३००च्या आसपास. पोफळीवर चालवायचे पाते आणि दगडावर आपटणारी छिन्नी यांना कोणत्या रंगावर थांबवायचे हे ठरलेले असते. अंधारी शेड लोहाराला यासाठीच सोयीची. भर उन्हात रंग कळत नाही.

या ज्ञानाविषयी दोन मते आहेत. धातुशास्त्रज्ञांचा एक गट म्हणतो की कारागिराचे ज्ञान मोजमापात उतरवले पाहिजे, त्याशिवाय ते पुढच्या पिढीकडे भरवशाने जाणार नाही. आर. बालसुब्रमण्यम यांनी लोखंडी पट्ट्या आणि कडी तापवून, ठोकून, सांधून घडवलेल्या भारतीय तोफांचा असाच अभ्यास केला. युरोपात ओतीव तोफांकडे कल वळल्यानंतरही इथे घडीव तोफा का बनत राहिल्या, याचे उत्तर त्यांनी मागासलेपणात शोधले नाही, लोहारांच्या सांधण्याच्या कौशल्यात शोधले. ओतकाम येत नव्हते असेही नाही. विजापूरची प्रचंड मुलूखमैदान तोफ अहमदनगरला १५४९मध्ये काशाच्या जातीच्या धातूत ओतली गेली होती. दुसऱ्या गटाचे म्हणणे असे, की हाताचे ज्ञान हातानेच शिकले जाते. आकडे मागाहून येतात आणि प्रत्येक मालाला पुन्हा चुकतात.

वुट्झचे उदाहरण दोन्ही बाजू वापरतात. जॉन व्हरहोवन आणि लोहार आल्फ्रेड पेंड्रे यांनी वुट्झपासून बनणाऱ्या जुन्या दमास्कस पात्यांसारखी लहरदार पाती पुन्हा घडवली. त्यात त्यांना व्हॅनेडियमसारख्या अगदी सूक्ष्म अशुद्धींचा हात दिसला. म्हणजे अशा अशुद्धी असलेले खनिज संपले तर तोच लोहार त्याच रीतीने ते पाते घडवू शकणार नाही. शास्त्रज्ञ आणि लोहार एका भट्टीशी उभे राहिले, तेव्हाच हे उमगले. माझ्या मते या वादात आजवरचे सर्वांत फलदायी काम असे जोडीने झालेले आहे.

इंधनाचा प्रश्न मात्र कोणीच नीट सोडवलेला नाही. लाकडी कोळशात गंधक जवळजवळ नसते, म्हणून लोखंड सांधायला तो उत्तम. दगडी कोळसा स्वस्त, पण त्यातले गंधक लोखंडात उतरले तर घडाई बिघडते. आणि रायगडात लाकडी कोळसा म्हटले की कोळशाच्या भट्ट्यांवर कुटुंबासकट राबणारे कातकरी आठवतात. ‘अस्सल’ इंधनाचा आग्रह धरणाऱ्याने तो कोळसा कोणी पाडला हेही विचारायला हवे.

नक्षी वेगळी कधी झाली

उपयोगाचे काम आणि शोभेचे काम यांत आज जी भिंत दिसते, ती कितपत जुनी आहे? पुण्याच्या केळकर संग्रहालयातले अडकित्ते पाहिले तर ती भिंत दिसत नाही. सुपारी कातरणारे अवजारच मोर, घोडा, मिथुन अशा आकारांत घडवलेले आहे.

हस्तकलेच्या अभ्यासकांपैकी काहींच्या मते ही विभागणी वसाहतकाळातल्या कलाशिक्षणाने पक्की केली. १८६५मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत तीन कार्यशाळा सुरू झाल्या : जॉन ग्रिफिथ्स यांच्याकडे चित्रसजावट, लॉकवूड किपलिंग यांच्याकडे शिल्प आणि हिगिन्स यांच्याकडे नक्षीदार घडीव लोखंड. वास्तुविशारद स्टीव्हन्स यांनी उभारलेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसच्या सजावटीत या शाळेच्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा आहे, कठडे आणि जाळ्याही त्यातल्याच. १८९१मध्ये कलाशाळेतच रे आर्ट वर्कशॉप्स निघाली. आकृतिबंध गॉथिक, हात देशी, देखरेख इंग्रजी, असा तो प्रकार. हाच संकर आज किहीमच्या फाटकांवरच्या गोलाकार वेटोळ्यांत दिसतो.

याच्या उलट मत असे, की कलाशाळेने काही नवीन तोडले नाही. जातिव्यवस्थेत लोहार, तांबट-कासार, सोनार हे आधीच वेगळे होते आणि सोन्याचांदीच्या कामाला मान अधिक होता. पांचाळ परंपरा या सर्वांना विश्वकर्म्याची लेकरे मानते खरी, पण व्यवहारात प्रत्येकाची भट्टी, गिऱ्हाईक आणि पत निराळी होती. मला दोन्हींत तथ्य वाटते. भिंत आधीची होती, शाळेने तिला चुना लावला.

प्रत्यक्ष वस्तू मात्र या विभागणीला दाद देत नाहीत. २०२५मध्ये महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून नागपूरच्या पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार मिळवली. तिचे पाते युरोपीय आणि नक्षी सोन्याची. पाते फिरंगी म्हणून ती मराठा तलवार नाही, असे कोणी म्हणत नाही. बिदरचे बिदरीकामही असेच : जस्तात थोडे तांबे मिसळून ओतायचे, चांदी जडवायची आणि किल्ल्यातल्या मातीने काळे करायचे. ओतारी, जडावकार आणि मातीची पारख असणारा, तिघांचे मिळून ते काम.

पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या पत्र्यावर माठारकाम होते. गुळगुळीत हातोडीच्या एकसारख्या ठोक्यांनी पत्रा घट्टही होतो आणि चमकतोही. हंडे-बंबांची मागणी ओसरल्यावर वारसा जतन करणाऱ्या इंटॅकसारख्या संस्था आणि नव्या संकल्पकांनी तिथे दिवे, ट्रे, पाण्याच्या बाटल्या असे प्रयोग केले आणि काही घरांना काम मिळाले. २०१४मध्ये युनेस्कोने पंजाबातल्या जंडियाला गुरूच्या ठठेऱ्यांचे भांडीकाम अमूर्त वारशाच्या यादीत घेतल्यापासून तांबे-पितळेला प्रतिष्ठाही आली. लोखंडाला अशी कृपा क्वचितच लाभते. बस्तरच्या लोहशिल्पाला ती लाभली, कारण ते दिवाणखान्यात ठेवता येते. कोयता दिवाणखान्यात कोण ठेवणार?

किहीमशेजारच्या सासवण्याचे विनायकराव करमरकर (१८९१–१९६७) इथे आठवतात. गावच्या देवळाच्या भिंतीवर या मुलाने काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र पाहून कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी त्याला जे. जे.मध्ये धाडले. त्याच करमरकरांनी पुण्याचा १९२८चा अश्वारूढ शिवपुतळा घडवला आणि तो मुंबईत ब्राँझमध्ये ओतला गेला. पुतळ्याखाली शिल्पकाराचे नाव राहते. तो ओतणाऱ्या हातांची नावे कोणाच्या लक्षात नाहीत.

गंजाचा प्रश्न

किनाऱ्यावर सगळी चर्चा शेवटी गंजावर येते. वाऱ्यातले क्षार लोखंडावर बसतात, हवेतली ओल धरून ठेवतात आणि रंगाखालीही आपले काम चालू ठेवतात. जुन्या घराचे गज शंभर वर्षे टिकले आणि नवे फाटक पाच वर्षांत खाल्ले गेले, ही तक्रार किनाऱ्यावर सर्रास ऐकू येते. तिचे स्पष्टीकरण कसे द्यायचे?

एक पक्ष धातूकडे बोट दाखवतो. जुने घडीव लोखंड आणि आजचे माइल्ड स्टील हे वेगळे पदार्थ आहेत. पहिल्यात मळीचे बारीक धागे असतात, कार्बन जवळजवळ नसतो आणि कोळशावर काढलेल्या लोखंडात फॉस्फरस बरेचदा जास्त असतो. दिल्लीच्या लोहस्तंभाविषयी बालसुब्रमण्यम यांनी मांडले ते हेच : फॉस्फरसमुळे पृष्ठावर एक घट्ट थर जमतो आणि पुढचा गंज रोखतो. त्याआधी दिल्लीच्या कोरड्या हवेला श्रेय दिले जाई. हवेच्या या स्पष्टीकरणाला अडचण आहे ती कर्नाटकातल्या कोडचाद्री डोंगरावरच्या लोखंडी स्तंभाची. तो धो-धो पावसात उभा आहे. शिवाय नव्याने काढलेले खरे घडीव लोखंड आता बाजारात जवळजवळ मिळत नाही. इंग्लंडमधल्या बोल्टनच्या शेवटच्या व्यापारी भट्ट्या १९७०च्या दशकात बंद झाल्या. ‘रॉट आयर्न’ म्हणून आज विकले जाते ते माइल्ड स्टीलच असते.

दुसरा पक्ष म्हणतो, धातूला उगाच दोष देऊ नका, जाडी आणि सांधा पाहा. जुना गज भरीव असे. नवे फाटक दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या पोकळ नळ्यांचे असते. वेल्डिंगच्या बारीक भोकातून पाणी आत शिरते आणि नळी आतून सडते. जस्ताचा थर दिलेली नळी घेतली तरी वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जाते. मात्र रिव्हेट आणि कड्यांनी बांधलेले जुने सांधेही निर्दोष नाहीत. त्यांच्या फटींत पाणी अडते आणि तिथला गंज फुगून गज वाकवतो. तिसरे कारण सर्वांत साधे : जे जुने कुजून गेले ते आपल्याला दिसत नाही, टिकलेलेच दिसते.

जतन करणाऱ्यांतही दुफळी आहे. काहींना जुन्या कामाची दुरुस्ती त्याच जातीच्या लोखंडाने, त्याच सांध्याने हवी, त्यासाठी जुन्या भंगारातले घडीव लोखंड वापरावे लागले तरी चालेल. इतर जण १९६४च्या व्हेनिस सनदेचा आधार घेतात. पारंपरिक तंत्र अपुरे पडले तर कसाला उतरलेले आधुनिक तंत्र वापरायला ती मुभा देते. ते किनाऱ्यावर स्टेनलेस स्टील सुचवतात. पण तेही क्लोराइडपुढे अजिंक्य नाही, आणि निरनिराळे धातू खाऱ्या ओलीत एकमेकांना चिकटवले की दुबळा आधी झिजतो.

याच किनाऱ्यावर लोखंड पूर्णपणे टाळलेली एक इमारतही आहे, हे जाता जाता सांगायला हवे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून तिथल्या कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४मध्ये अलिबागला आली. तिथल्या उपकरणांना लोखंडाचा स्पर्श चालत नसल्याने बांधकामात अचुंबकीय सामग्रीच वापरली. लोखंडावाचून इमारत उभी राहते, पण त्यासाठी सरकारी वेधशाळेचे अंदाजपत्रक लागते.

भट्टीपुढचा माणूस

समाजशास्त्रज्ञांचा वाद निराळा आहे. विल्यम वायझर यांनी १९३६मध्ये उत्तर भारतावरून जजमानी पद्धत मांडली. तिच्यात कारागीर ठरावीक कुटुंबांशी बांधलेला. हिरोशी फुकाझावा यांनी अठराव्या शतकातल्या मराठी कागदपत्रांवरून दाखवले, की महाराष्ट्रातला बलुतेदार कुटुंबांचा नव्हे, साऱ्या गावाचा सेवक होता. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५) बलुत्याचे तपशील देतो आणि त्यातली अडवणूक आणि ढिलाईही झाकत नाही. देशावरची ही पूर्ण चौकट किनाऱ्यावर तशीच नव्हती. तरी ‘गावचा लोहार’ म्हणून जे स्मरणरंजन चालते, त्याला आत्रे वाचणे हा चांगला उतारा आहे.

बलुत्याच्या बाहेर घिसाडी, म्हणजे फिरते लोहार, होते. गाढवावर किंवा गाडीत बिऱ्हाड, गावाबाहेर पाल, आणि घण मारायला बाई. राज्याच्या यादीत ते भटक्या जमातींत येतात. त्यांच्या वंशपरंपरेच्या कथा राजस्थान-गुजरातकडे जातात. भालजी पेंढारकरांच्या ‘साधी माणसं’ (१९६५) चित्रपटाने लोहार जोडप्याला पडद्यावर आणले. पडद्याबाहेर घिसाडी बाईच्या घणाला अजून हिशेबात जागा नाही.

सप्टेंबर २०२३मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत लोहारासह १८ व्यवसाय आहेत. अवजारांसाठी १५ हजार रुपये, प्रशिक्षण आणि पाच टक्के व्याजाने दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज मिळते. समर्थकांच्या मते कारागिराला बँकेच्या दारात उभे करणारी एवढी मोठी योजना पूर्वी नव्हती. टीकाकारांचा आक्षेप कुटुंबाच्या परंपरागत धंद्याच्या अटीवर आहे. ती जातीचा धंदा घट्ट करते, असे म्हणत तमिळनाडूने नोव्हेंबर २०२४मध्ये ती आहे त्या रूपात राबवायला नकार दिला. दोन्ही बाजूंकडून सुटणारा मुद्दा असा, की लाभ कुटुंबातल्या एकालाच मिळतो. जिथे नवरा सांडशी धरतो आणि बायको घण मारते, तिथे कारागीर कोण?

काय उरले आहे

धातूचा वाद नमुन्यांअभावी अडला आहे. दिल्लीच्या स्तंभावर जेवढे संशोधन झाले त्याच्या मानाने कोकणातल्या घरगुती लोखंडावर फारच थोडे झाले. धावडांचे लोखंड कोकणात किती उतरले आणि विलायती कधी भरले, हे जुने गज, बिजागऱ्या, कड्या-कोयंडे तपासल्याशिवाय ठरणार नाही. कसबाच्या बाबतीत तांब्याला मिळालेले लक्ष धारेच्या अवजारांना मिळालेले नाही, आणि माझ्या दृष्टीने ही आजची सर्वांत मोठी उणीव आहे. किनाऱ्यावरचा कोयता, नारळाची विळी, होडीचे खिळे यांची घडण नोंदवायला संग्रहालय लागत नाही, एक कॅमेरा आणि लोहाराची दिवसभराची मजुरी पुरते. माणसाचा प्रश्न योजनेच्या नियमांत बदल झाल्यावाचून सुटणार नाही.

किहीम, आवास, सासवणे, चौल या पट्ट्यात जुनी घरे पाडून नवी बांधली जात आहेत. ज्यांच्या घराचे असे काम निघाले असेल, त्यांना एक विनंती : खिडकीचे गज आणि दाराच्या बिजागऱ्या सरसकट भंगारात वजनावर घालू नका. निदान एक तुकडा घराचे गाव आणि बांधणीचे साल लिहून बाजूला ठेवा, आणि उरलेले आधी जवळच्या लोहाराला दाखवा.